अर्धा तास कुणी नेला?

डोंबिवलीहून सकाळी सुटणारी फास्ट लोकल, बायकांचा डबा. दाराच्या आत जेमतेम पाऊल टेकलेल्या एका बाईच्या एका हातात कडी होती, दुसऱ्या हातात फोन. फोनवर कुणीतरी आरोग्याचा निरोप धाडला होता : पहाटे उठा, पाऊण तास चाला, पंधरा मिनिटं प्राणायाम करा, मग शांतपणे बसून न्याहारी करा. तिनं तो वाचला, फोन पर्समध्ये टाकला आणि शेजारणीला म्हणाली, "आज पावणेपाचलाच उठले गं. पाहुणे आहेत, तीस पोळ्या लाटून निघालेय."

पहाटे उठायला तिला कुणी शिकवायला नको.

आपल्याकडे आरोग्याच्या सवयींवर जे बोललं जातं, त्यातला बराचसा भाग म्हणजे वेळ असलेल्यानं वेळ नसलेल्याला केलेला उपदेश. तो ऐकून ऐकून त्या डब्यातल्या बायकांना एकच गोष्ट पटून बसली आहे, की दोष आपलाच, आपल्याला शिस्त नाही. मला हे साफ खोटं वाटतं. जी बाई वीस वर्षं तीच गाडी न चुकता पकडते, तिला शिस्त शिकवायची कुणाची प्राज्ञा आहे? शिस्त भरपूर आहे, अर्धा तास नाही. आणि तो कुठे सांडला नाही, तो कुणीतरी घेतला आहे.

हिशेब मांडू. घर ते कचेरी पावणेदोन तास, परतीचे तेवढेच. कचेरीत नऊ तास. झोप सहा तास धरू, तीही कमीच आहे. चोवीसातून हे वजा केलं की साडेपाच तास उरतात, म्हणजे ३३० मिनिटं. केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयानं २०२४ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी निघाली २८९ मिनिटं. नोकरदार बाईच्या बाबतीत ती थोडी खाली येईल, पण धरून चाला. ३३० वजा २८९, उरली ४१ मिनिटं. त्यात अंघोळ, दोन वेळचं जेवण, मुलाचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या, वीजबिल. यातून पाऊण तास चालणं काढायचं आहे.

त्याच पाहणीत घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटं आहे. 'करणाऱ्या' हा शब्द नीट वाचा. आधीच्या, २०१९ च्या पाहणीत घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६ होते. बाकीचे या सरासरीत धरलेलेच नाहीत.

तर अर्धा तास नेणाऱ्यांतलं पहिलं नाव घरातच सापडलं. पुढच्या नावांकडे येतेच, पण त्याआधी त्या उपदेशाचा समाचार घ्यायला हवा, कारण त्यातले आकडेसुद्धा धड नाहीत.

'रोज दहा हजार पावलं.' हा आकडा कुठल्या डॉक्टरानं काढला? कुणीच नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमधल्या घड्याळं बनवणाऱ्या यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव खपलं आणि त्यातला आकडा साऱ्या जगाचं आरोग्यसूत्र होऊन बसला. पुढे २०१९ साली अमेरिकेत वयस्क बायकांची पावलं मोजून त्यांचा अनेक वर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण स्पष्ट कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या आसपास तो फायदा वाढायचा थांबला. स्टेशनला चालत जाणारी, पूल चढणारी, घरी चालत येणारी बाई साडेचार हजारांच्या जवळ आलेली असते. तिला फोनवरचं लाल वर्तुळ रोज रात्री 'कमी पडलीस' सांगतं. कमी पडलेली नाहीये ती.

'एकवीस दिवस करा, सवय लागते.' हाही असाच. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनचं पुस्तक १९६० साली आलं. शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातला 'किमान' गळाला आणि चेहराही गळाला. उरले एकवीस दिवस, व्यायामापासून बचतीपर्यंत कशालाही चिकटवायला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ माणसांवर हे प्रत्यक्ष तपासलं तेव्हा मधला आकडा निघाला ६६ दिवस. कुणाला १८ लागले, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट, जी कुणी फॉरवर्ड करत नाही : मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसं बिघडलं नाही.

हे वाक्य मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे. कारण आपल्या घरांत सवयी मोडतात त्या चुकलेल्या दिवसामुळे कमी आणि चुकल्याच्या अपराधी भावनेमुळे जास्त. सोमवारी चालणं राहिलं की मंगळवारी 'आता काय, मोडलंच' म्हणून राहतं, मग पुढच्या महिन्याच्या एक तारखेचा वायदा. उपासतापास, नेम, संकल्प यांच्या संस्कारात वाढलेली माणसं आपण. नेम मोडला की पाप लागतं, हे मनात खोल बसलंय. चालणं हा नेम नाही. आज राहिलं तर उद्या करायचं, इतकंच.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं तर याहून साधं आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम थोडा वाढेल अशी हालचाल करावी, आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काही. पूर्वी त्यात एक अट होती, की एका वेळी सलग दहा मिनिटं तरी व्हायला हवीत. २०२० च्या सूचनांत तीही काढून टाकली. सहा मिनिटं चाललात तर सहा धरा. म्हणजे स्टेशनचा रस्ता धरा, जिना धरा, भाजी आणायला चालत गेलात ते धरा.

जिन्यावरून एका डॉक्टरांची गोष्ट सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये हृदयविकार वाढत होता आणि कारण कळत नव्हतं. जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसचे कर्मचारी अभ्यासाला घेतले. एकाच बसमध्ये दोन माणसं, साधारण एकाच थरातली. चालक दिवसभर बसलेला. वाहक तिकिटं फाडत वर-खाली, दिवसाला सुमारे ६०० पायऱ्या. १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले : वाहकांना हृदयविकार कमी, आणि झटका आलाच तर त्यातून दगावण्याचं प्रमाणही कमी. मॉरिस इतका कसून काम करणारा माणूस, की गणवेशाच्या पँटींची मापंसुद्धा त्यांनी तपासली. चालकांची कंबर जास्त निघाली, आणि तीही नोकरीला लागल्यापासूनच. तेव्हा सगळं श्रेय पायऱ्यांना देता येणार नाही, हेही त्यांनी स्वतःच मांडलं. पुढच्या संशोधनानं हालचालीचं महत्त्व पक्कं केलं. स्वतः मॉरिस ९९ वर्षं जगले.

मला या गोष्टीतला वाहक फार जवळचा वाटतो, कारण त्यानं व्यायामासाठी वेळ काढलेला नव्हता. त्याच्या कामातच तो होता. आपल्या मुंबईतही बेस्टच्या जुन्या डबलडेकरच्या वळणदार जिन्यावर वाहक दिवसभर असाच वर-खाली करायचा. ती गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. हालचाल आपल्या कामांतून अशी एकेक करून काढून घेतली गेली, आणि आता तीच कामाच्या वेळेबाहेर, आपल्या पदरच्या वेळेतून भरून काढा असं सांगतात.

इथे कुणी म्हणेल, बायका तर दिवसभर राबतात, मग त्यांना वेगळा व्यायाम कशाला? हे मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलं आहे आणि दर वेळी संतापले आहे. दमणं आणि व्यायाम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ओट्याशी दोन तास उभं राहिल्यानं टाचा दुखतात, पोटऱ्यांत गोळे येतात. हृदयाला त्याचा फारसा उपयोग नाही. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'नं जगभरच्या पाहण्यांचा आढावा छापला. त्यात भारतातल्या ५७ टक्के प्रौढ बायका आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नाहीत असं दिसलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या रक्तक्षय असलेल्या बायकांचा आकडाही ५७ टक्केच आहे. योगायोग असेल. पण सगळ्यांत शेवटी जेवणारी, उरलंसुरलं संपवणारी, हिमोग्लोबिन नऊवर आलेली बाई जिना चढताना धापा टाकते तेव्हा तिला 'वजन कमी करा' सांगून घरी पाठवणं हा अन्याय आहे. तिला आधी लोह हवं. ताटात गरम जेवण हवं, आणि ते इतरांच्या सोबत हवं.

आता दुसरं नाव. कचेरी.

२०२३ च्या ऑक्टोबरात नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास कामाचा सल्ला दिला. सहा दिवसांत वाटले तर रोजचे ११ तास ४० मिनिटं. त्यात डोंबिवलीचा साडेतीन तासांचा प्रवास मिळवा, झाले १५ तास १० मिनिटं. सात तास झोपायचं म्हटलं तर उरले एक तास पन्नास मिनिटं. त्यात जगून घ्यायचं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून जाहीर केलं आहे, की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. हे ठाऊक असताना आपल्या राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतल्या कामाची रोजची कमाल मर्यादा नऊवरून बारा तास आणि दुकानं-आस्थापनांतली नऊवरून दहा तास करायला मंजुरी दिली. कामगाराची संमती लागेल, जादा कामाचे पैसे मिळतील, असं सांगितलं गेलं. ज्याच्या घरी कर्जाचा हप्ता आहे त्याची संमती कशी मिळते, हे प्रत्येक सुपरवायझरला ठाऊक आहे.

मी ज्या कचेरीत होते तिथे दुपारी दीडची मीटिंग हा रिवाज होता. डबा तीनला उघडायचा, गार. चारला ट्रेमधून समोसे यायचे, कारण कुणाचा तरी वाढदिवस. चहा दिवसाला चार कप, यंत्रातला, साखर घातलेलाच. कपाला दोन चमचे धरा, आठ चमचे झाले, तीस ग्रॅमच्या वर. वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. म्हणजे घरी एक कण साखर न खाताही कचेरीनं माझी मर्यादा ओलांडून दिली होती. आणि त्याच कचेरीत वर्षातून एकदा आरोग्य शिबिर भरायचं, तिथे रक्तातली साखर मोजून आम्हाला पत्रक द्यायचे : जीवनशैली सुधारा.

बिनसाखरेच्या चहाची वेगळी किटली ठेवायला काय खर्च येतो? दीड ते अडीच मीटिंग न ठेवायला काय खर्च येतो? भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीनं २०२३ मध्ये सांगितलं. त्याच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटींवर. यातले कितीतरी लोक आत्ता कुठल्या ना कुठल्या कचेरीत गार डबा समोर ठेवून मीटिंग संपायची वाट बघत असतील.

औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी पोरांना 'घरी वेळ काढा' असं सांगितलं नाही. संस्थानातल्या शाळांच्या दिवसातच सूर्यनमस्कार आणले. जपानात १९२८ साली रेडिओवरून कवायत सुरू झाली आणि पुढे ती कारखान्यांच्या, कचेऱ्यांच्या दिवसाचा भाग झाली. ज्याला सवय लावायची आहे त्यानं आपल्या वेळेतला वेळ दिला. मला या माणसांबद्दल आदर आहे तो एवढ्याचसाठी.

तिसरं नाव महापालिकेचं. 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला बायकांना देणाऱ्यानं एकदा त्यांच्यासोबत दिवसभर शहरात फिरावं. स्वच्छ मुतारी नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहते आहे. सकाळी घरून निघताना एक पेला, नंतर थेट कचेरीत. बाजारात, रस्त्यावर काम करणारीला तेही नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग त्यांच्या पाचवीला पुजलेला. २०११ मध्ये मुंबईत 'राइट टू पी' चळवळ उभी राहिली ती याच साध्या मागणीसाठी. पुरुषांसाठी मुताऱ्या फुकट आणि बायकांकडून पैसे, हे तिनं चव्हाट्यावर आणलं. चौदा-पंधरा वर्षं झाली. आजही स्टेशनबाहेर पडल्यावर बाईला दुकानदाराला विचारावं लागतं, जवळपास आहे का हो कुठे. पाणी पिण्याची सवय लागते ती पाण्याच्या बाटलीनं नाही, दार बंद होणाऱ्या स्वच्छ संडासानं.

चालण्याचंही तेच. पदपथावर दुचाकी, हातगाडी, फुटलेल्या लाद्या. बागांना दुपारी कुलूप, रात्री पुन्हा लवकर कुलूप. साडेनऊला घरी पोचणाऱ्याला बाग उघडी कधी मिळणार? पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या पहाटे चढणारी माणसं बघा, तळजाई बघा. फार सुंदर दृश्य असतं ते, मला तिथली निवृत्त मंडळी मनापासून आवडतात. पण त्या गर्दीत तीस ते पन्नासमधल्या बायका मोजून बघा. त्या वेळी त्या घरी डबे भरत असतात.

आणि आमच्या सोसायटीचा वॉचमन. बारा तासांची पाळी, केबिनमध्ये पंखा नाही, बदली माणूस आला नाही तर सलग चोवीस तास. आम्ही बूट घालून त्याच्या केबिनभोवती फेऱ्या मारतो आणि तो आम्हाला सलाम करतो. त्याच्या जेवणाची वेळ ठरवून द्या, त्याला बसायला नीट खुर्ची द्या, आठवड्याची सुट्टी द्या, हा मुद्दा मी सोसायटीच्या सभेत मांडला तेव्हा उत्तर मिळालं, की ते एजन्सीचं काम आहे. शेवटी खुर्ची आली. सुट्टी अजून आलेली नाही, आणि मी पुढच्या सभेत पुन्हा मांडणार आहे.

माझं स्वतःचं सांगते. तीन वर्षांपूर्वी रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला, मीठ कमी करा. कधी चालणार, हे त्यांनी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. घरी येऊन गजर सव्वाचारचा लावला. अकरा दिवस चालले. बाराव्या दिवशी गाडीत उभ्या उभ्या डोळा लागला आणि तोल जाऊन दारातल्या मुलीच्या अंगावर पडले. तिनं धरलं म्हणून निभावलं. त्या दिवशी मला समजलं, की मी व्यायामाचा अर्धा तास झोपेतून चोरत होते. चोरीचा माल पचत नाही. झोप ही चैन नाही; प्रौढ माणसाला सात तास लागतातच, आणि ती तोडून मिळवलेल्या व्यायामानं रक्तदाब सुधारेल या भ्रमात कुणी राहू नये.

त्या रात्री जेवणानंतर मी नवऱ्याला आणि मुलाला समोर बसवलं. कागदावर सकाळची कामं लिहिली. पावणेपाच ते सव्वासात, एकूण चौदा. त्यातली बारा माझी होती. नवऱ्यानं कागद दोनदा वाचला. तो वाईट माणूस नाही. त्यानं ती कामं कधी मोजलेलीच नव्हती, कारण त्याच्या आईनंही कधी मोजू दिली नव्हती. मी म्हटलं, "कुकर आणि डबे तुझ्याकडे. पाणी, अंथरुणं आणि आजीच्या गोळ्या याच्याकडे. पावणेसहा ते सव्वासहा मी घरात नाही."

पहिला आठवडा भाजी करपली. एकदा डब्यात मीठ नव्हतं. मुलानं दुधाचं पातेलं उतू घालवलं आणि मी जिन्यात उभी राहून त्याचा वास घेत होते. परत वर गेले नाही. ते न जाणं चालण्याहून शंभरपट अवघड होतं, आणि हे प्रत्येक बाईला मी कळवळून सांगते : दिलेलं काम परत घेऊ नका. करपू दे. दोन महिन्यांत तो माणूस मेथीची भाजी माझ्याहून चांगली करायला लागला.

माझी सवय लागायलाही जवळपास तेवढेच दिवस लागले. जुलैच्या पावसात चालणं बंद पडलं तेव्हा सोसायटीचे चार मजले चढ-उतर केले. काही दिवस तेही केलं नाही. ऑगस्टात पुन्हा सुरू केलं. मिठाचं सोपं निघालं : ताटात वरून मीठ वाढणं बंद, लोणचं आणि पापड यांतलं एका वेळी एकच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांत दिवसाला ५ ग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे साधारण एक चमचा, आणि त्यात भाजीतलं, पोळीतलं, फरसाणातलं सगळं आलं. दुपारच्या समोशाऐवजी पर्समध्ये भाजलेले चणे-शेंगदाण्यांची पुडी असते, भूक लागली की लगेच हाताला लागते. सवयीला खुंटी लागते; आधीच रोज घडणाऱ्या गोष्टीला ती अडकवली की टिकते. माझं चालणं त्याच्या कुकरच्या शिटीला अडकवलेलं आहे. तिसरी शिट्टी होते तेव्हा मी खाली गेटपाशी असते, आणि ती तिथे ऐकू येते.

औषध सुरू आहेच, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही. रक्तदाब आता आटोक्यात आहे.

घरातल्या पुरुषांना माझं सांगणं आहे. बायकोच्या वाढदिवसाला पावलं मोजणारं घड्याळ घेऊन देऊ नका. मुलांनो, आईला योगासनांचे व्हिडिओ पाठवू नका. आज रात्री कागद घ्या, सकाळची कामं तिला विचारून लिहून काढा आणि त्यातली निम्मी आपल्या नावावर करा. महिन्याभरात ती विसरायला सांगेल, 'राहू दे, मी करते' म्हणेल, तिचं ऐकू नका. आणि तुमच्या हाताखाली माणसं काम करत असतील तर दुपारी दीडची मीटिंग उद्यापासून बंद करा.

उद्या सकाळचा कुकर तुम्ही लावा.